कुंडी : वाडीपासून गॅलरीपर्यंत

मंडळी, एव्हरशाईन सिटीचा इतिहास सांगतो म्हटलं की लोक हसतात. काल-परवा उभ्या राहिलेल्या इमारतींना कसला आलाय इतिहास? पण आपल्या ग्रिलमध्ये ज्या कुंड्या ठेवल्या आहेत, त्यांतल्या एकेका झाडाला ‘बाबा रे, तू कुठला?’ असं विचारायला लागलो, की चार-पाचशे वर्षं मागे जावं लागतं.

झेंडूपासून सुरुवात करू. दसऱ्याच्या तोरणात तो नसेल तर आपल्याला चुकल्यासारखं होतं. तो मूळचा मेक्सिकोचा. संध्याकाळी उमलणारी गुलबाक्ष, देवळासमोरचा तो पांढरा देवचाफा, मिरची, पेरू ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. समुद्रापलीकडची रोपं पश्चिम किनाऱ्यावर उतरली ती प्रामुख्याने याच दर्यावर्दी लोकांच्या काळात. त्यांच्यातला गार्सिया द ओर्ता हा वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं, तिथे त्याची बाग होती. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आणि तो संवादाच्या रूपात आहे. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना संवाद म्हटलं की प्लेटो आठवतो. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी तुळस. मराठी घरातली सगळ्यांत जुनी कुंडी म्हणजे तुळशीवृंदावन. अंगण गेलं, वृंदावन गॅलरीत आलं, पण प्रथा मोडली नाही. तुळशीची एक गंमत बघा. कार्तिकात लग्न लागतं, पुढे थंडीत मंजिऱ्या वाळतात, झाड थकतं. आपण मंजिऱ्या चुरगाळून त्याच मातीत टाकतो आणि पावसाच्या तोंडावर इवली रोपं वर येतात. तेव्हा ‘आमची तुळस वीस वर्षांची’ असं आपण म्हणतो ते खरं की खोटं? झाड तर दर दोन-तीन वर्षांनी नवं असतं. वीस वर्षं टिकलेली असते ती कुंडी, आणि पाणी घालणारा हात.

आता प्लेटो. प्राचीन अथेन्समध्ये बायका उन्हाळ्यात फुटक्या खापरांत गहू, सातू, बडीशेप पेरायच्या आणि ती खापरं घराच्या छपरावर नेऊन ठेवायच्या. ॲडोनिस या अल्पायुषी तरुणाच्या शोकाचा तो सण. कोंब भराभर यायचे, उन्हात करपायचे, मग ते पाण्यात सोडायचे. ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो, की शहाणा शेतकरी आपलं जपलेलं बियाणं अशा आठ दिवसांच्या बागेत पेरेल का? त्याचा रोख लिहिलेल्या शब्दावर होता. जिवंत बोलणं म्हणजे शेत, लिखाण म्हणजे ती खापरातली बाग. (आमचं हे व्याख्यान उतरवून घेणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.)

ही खापरं वाचली की आपल्याला घटस्थापना आठवते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला मातीत धान्य पेरायचं, नऊ दिवस अंधाऱ्या देवघरात पाणी घालायचं, दसऱ्याला ते पिवळसर कोंब देवाला वाहायचे, टोपीत खोवायचे. तेही अल्पायुषीच. पण अथेन्समध्ये त्यावर रडत, आपल्याकडे शेतकरी त्यात बियाण्याचा कसही बघतो. खापर तेच, बघणारा निराळा.

सॉक्रेटिसचा प्रश्न मात्र वसईत टोचतो, कारण इथे खरी शेतं होती. पश्चिमेकडे केळीच्या, पानवेलींच्या, मोगरा-सोनचाफ्याच्या वाड्या. विहिरीवर रहाट आणि पाटाचं पाणी. पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली दादरला. १९९० मध्ये सिडकोकडे या भागाचं नियोजन गेलं आणि इमारती झपाट्याने वाढल्या. त्या सुमारास हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्यात आघाडीवर होते. तिचा एक मोठा मुद्दा पाण्याचा होता. वाडीतल्या विहिरी उपसून टँकर इमारतींकडे चालले होते, आणि समुद्राजवळची विहीर फार उपसली की तिच्यात खारं पाणी शिरतं. खाऱ्या विहिरीवर मोगरा जगत नाही. म्हणजे वाडीचं पाणी टँकरने निघालं, नव्या नळाला आलं, आणि त्यातलं तांब्याभर कुणाच्या तरी कुंडीतल्या मोगऱ्यालाही पडलं असणार. पुढे सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं, ताण हलका झाला. तरी मे महिन्यात सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभा दिसतोच.

कुंडी ही वाडीची भरपाई आहे, असं कुणी म्हणालं तर आम्हाला ते पटत नाही. हजार कुंड्यांनी एक विहीर भरत नाही. पण वाडीवाल्यांना जे ऋतूंचं भान होतं, ते कुंडीलाही लागतं, आणि ते फ्लॅटमध्ये राहूनही शिकता येतं. मृगाच्या आधी कुंडीच्या तळाचं भोक मोकळं करायचं. आपल्याकडे पाऊस असा, की बुजलेल्या भोकाची तुळस आठवड्यात मुळापासून कुजते. पावसात खत घालायचं नाही, ते सगळं खालच्या मजल्यावर वाहून जातं आणि भांडण वर येतं. कुंडीखालची ताटली काढून ठेवायची, नाहीतर डासांची पैदास. थंडीत मोगरा छाटायचा, हात आखडता न घेता, म्हणजे उन्हाळ्यात कळ्या धरतात. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते म्हणून मूळ गार राहतं, प्लास्टिकची तापते. पण मातीची जड. आठव्या मजल्यावरच्या कठड्यावर ती ठेवू नका, सोसायटी ओरडते ते बरोबरच आहे, ग्रिलच्या आत ठेवा.

आणि पाणी कुठलं घालायचं? तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. वरण-भाताच्या घरात सकाळी पातेलंभर तरी ते निघतंच. साबणाचं नको, मिठाचं तर मुळीच नको. चार-सहा कुंड्यांना एवढं पुरतं, मे महिन्यात थोडं कमी पडतं. तेव्हा झाडं भिंतीच्या सावलीला सरकवायची आणि मातीवर सुकी पानं पसरायची.