वळणाचा अर्ज

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोनच गोष्टी निघाल्या: सातबारे आणि एका वळणाचे अर्ज. वळण मुंबई-गोवा रस्त्यावरचं, राजापूर तालुक्यातलं, आमच्या वाडीच्या अगदी डोक्यावरचं. अर्ज कार्बन लावून लिहिलेले, टाचण्या गंजून कागदाला भोकं पडलेली.

आजीला रस्त्याचं कौतुक कधीच नव्हतं. लग्नानंतर ती मुंबईला गेली ती मुसाकाजी बंदराहून, पडावातून आगबोटीवर चढून. पावसाळ्यात बोटी बंद, मग मुंबईची बातमीही बंद. तरी ती म्हणायची, "बोट लागायची, पण वळायची नाही."

आजोबांनी ते वळण सुंभाच्या दोरीनं मोजलं होतं. दोरीचं एक टोक वडिलांच्या हातात, वय वर्षं दहा, आणि ट्रक आला की दोघांनी गटारात उडी मारायची. अर्जासोबतच्या नकाशात आंब्याचं झाड, मोरी, दरी आणि जिथे कठडा हवा तिथे लाल पेन्सिलीची रेघ. उत्तर ठरलेलं: निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल.

पुढे रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 17 झाला. वाडीत पेढे वाटले म्हणे. आजोबांचा अर्ज मात्र परत आला, कारण आता खर्चाचा 'हेड' बदलला होता. महामार्गाचा पैसा केंद्राचा, काम पुष्कळदा राज्याच्याच बांधकाम खात्याचं. टेबल तेच, कारकून तोच, फक्त तिजोरी दिल्लीला गेली. "प्रस्ताव वर पाठवलाय," एवढंच तो सांगे. वर म्हणजे कुठे, हे विचारायला आजोबा दोनदा तालुक्याहून जिल्ह्याला जाऊन आले. त्याच वळणावरून.

रस्त्यांसाठी दिल्लीत वेगळी पुंजी असावी, ही शिफारस केलेली एका मराठी बॅरिस्टराच्या समितीनं. मुकुंदराव जयकरांचा तो अहवाल 1928 चा; त्यातून पेट्रोलवरच्या जादा करावर 1929 साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आजोबा प्रत्येक अर्जात हे घालायचे. वडील म्हणत, जयकर आहेत म्हणूनच अर्ज लांबतो. वाचणाऱ्याला मुद्दा सापडेपर्यंत जेवणाची सुट्टी होत असणार.

याच रस्त्यावरचा, महाडचा सावित्रीवरचा जुना दगडी पूलही 1928 चाच. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात गेला आणि त्याच्यासोबत दोन एस. टी. गाड्याही. आजोबा तेव्हा नव्हते. आजी नव्वदीच्या पुढे. गाडी कुठली, एवढंच तिनं विचारलं. एक जयगड-मुंबई, दुसरी राजापूर-बोरिवली, असं सांगितल्यावर ती काही बोलली नाही. उठून देवापुढची विझलेली वात पुन्हा लावली.

नवा पूल 165 दिवसांत झाला. आजोबांच्या एका अर्जाची पोच यायला याहून जास्त दिवस लागलेले मी तारखा लावून मोजलेत.

चौपदरीकरण पनवेल-इंदापूर टप्प्यात 2011 ला सुरू झालं, ते कोकणवासीयांना गणपतीच्या वेळी दरवर्षी आठवतं. त्याविषयी मी नव्यानं काय लिहू? रस्त्याचा नंबरही आता 66 आहे. आमच्याकडे मात्र काम झालं. डोंगर सरळ कापला आणि ते वळण रस्त्यातून बाजूला पडलं. त्याच्या डांबरावर आता काकू आमसुलं वाळवते. लाल पेन्सिलीच्या रेघेच्या जागी कठडा आहे, काम संपल्यावर उरलेला कुणीतरी आणून बसवलेला. दरीकडे आता गाडी जातच नाही.

वाडी मात्र दोन भागांत झाली. घरं अलीकडे, शाळा पलीकडे, मधे चार पदर आणि दुभाजक. पोरं दुभाजकावर चढून जातात, दप्तर आधी पलीकडे फेकून.

गेल्या मे महिन्यात चुलतभाऊ भुयारी मार्गासाठी अर्ज लिहीत बसला होता. ट्रंक समोर उघडी, मजकूर आजोबांचाच उतरवत होता, 'सविनय अर्ज करतो की' पासून. जयकरांपाशी आल्यावर थांबला.

"हे ठेवू का?"

"ठेव."

"आणि हेड कुठला लिहू?"