प्रीप्रिंट
तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच ऑनलाइन खुला केलेला शोधनिबंध. पॉल गिन्स्पार्ग यांनी 1991 मध्ये लॉस अलामॉस येथे सुरू केलेल्या, पुढे ‘अर्काइव्ह’ नावाने ओळखल्या गेलेल्या संग्रहामुळे भौतिकीत ही प्रथा रुळली. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी गणितातील प्वँकारे अनुमानाची सिद्धता 2002-03 मध्ये तिथेच तीन निबंधांतून मांडली. ते निबंध त्यांनी कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवले नाहीत; तरी गणितज्ञांनी ते बारकाईने तपासून मान्य केले. परीक्षण थांबत नाही, ते उघड्यावर येते, हे यातून दिसते.

परीक्षणाविना चुका पसरतात, हा आक्षेप गंभीरच आहे. जानेवारी 2020 च्या अखेरीस दिल्लीतील संशोधकांनी करोना विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे आढळल्याचा निबंध ‘बायोअर्काइव्ह’ या जीवविज्ञानाच्या प्रीप्रिंट संग्रहावर ठेवला आणि समाजमाध्यमांतून तो झपाट्याने पसरला. मात्र इतके छोटे तुकडे इतर अनेक जीवांतही सापडतात, हे तज्ज्ञांनी तिथल्या तिथे दाखवले. काही दिवसांतच लेखकांनी तो मागे घेतला. उलट ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच वर्षी मे महिन्यात रीतसर परीक्षणानंतर छापलेला, करोनावरील उपचारात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या वापराबद्दलचा निबंधही जूनमध्ये मागे घ्यावा लागला, कारण मूळ विदा स्वतंत्र तपासणीला मिळालीच नाही. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी काही दिवस थांबवली होती. म्हणजे परीक्षणाच्या शिक्क्याइतकीच विदा खुली असणे मोलाचे आहे. मात्र निबंध मागे घेतला तरी अफवा फिरतच राहते. म्हणून प्रीप्रिंटची बातमी देताना ‘अपरीक्षित’ हा शब्द मथळ्यातच यायला हवा.