बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर हृदयाचे कार्य

दर हजार नवजात बाळांपैकी सुमारे ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. शस्त्रक्रियेने दोष दुरुस्त झाला की हृदय लगेच जोमाने काम करू लागते, असा समज असतो. प्रत्यक्षात अनेक बाळांचे हृदय पहिले काही तास आणखी दुबळे होते आणि मग सावरते.

हृदय दुबळे का होते?

छिद्र बंद करणे, अरुंद मार्ग रुंद करणे अशी कामे बहुधा हृदय थांबवून केली जातात. तेवढा वेळ हार्ट-लंग मशीन रक्ताला ऑक्सिजन देऊन शरीरात फिरवते. या काळात हृदयाच्या स्नायूचा स्वतःचा रक्तपुरवठा बंद असतो. तो पुन्हा सुरू झाल्यावर स्नायूला सूज येते. यंत्राच्या नळ्यांतून रक्त फिरल्यामुळे शरीरभर दाहही होतो.

नवजात बाळाच्या हृदयाजवळ राखीव ताकद कमी असते. दर ठोक्याला जास्त रक्त ढकलणे त्याला फारसे जमत नाही, म्हणून गरज वाढली की ते ठोक्यांचा वेग वाढवते.

पहिले २४ तास

ही घसरण साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर ६ ते १८ तासांत दिसते. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची जागा चुकलेली असेल, तर त्यांची अदलाबदल करावी लागते. अशा नवजात बाळांचा बोस्टनमधील अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक चतुर्थांश बाळांचा रक्तप्रवाह पहिल्या रात्री चिंताजनक पातळीखाली गेला होता.

म्हणूनच बाळ स्थिर दिसत असले तरी अतिदक्षता विभागात सतत लक्ष ठेवले जाते. हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, ठोके वाढणे आणि रक्तातील लॅक्टेट चढणे या धोक्याच्या खुणा आहेत. रक्तदाब मात्र बराच वेळ ठीक दिसू शकतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबता येत नाही.

उपचार

मिलरिनोन हे औषध हृदयाचे आकुंचन सुधारते आणि रक्तवाहिन्या सैल करून त्याचा भार हलका करते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते जास्त मात्रेत आधीपासून दिल्यावर ही गुंतागुंत सुमारे २६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली. काही वेळा सुजलेल्या हृदयाला जागा मिळावी म्हणून छाती काही दिवस उघडी ठेवून निर्जंतुक आवरणाने झाकतात. औषधांनी भागले नाही, तर एक्मो यंत्र तात्पुरता आधार देते.

पुढची वर्षे

खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र वेळेवर बंद झाले, तर ताणलेले हृदय बहुतेकदा काही महिन्यांत पूर्ववत होते. टेट्रॉलॉजी ऑफ फॅलोमध्ये तसे नसते. या दुरुस्तीनंतर फुफ्फुसाकडे जाणारी झडप अनेकदा गळकी राहते. उजवा कप्पा हळूहळू मोठा होतो आणि काहींना तरुणपणी नवी झडप बसवावी लागते. तोवर त्रास जाणवेलच असे नाही. त्यामुळे मूल खेळते-बागडते असले तरी इको तपासणी चुकवू नये.

घरी आल्यावर बाळ दूध पिताना दमत असेल, त्याला घाम येत असेल, श्वास वेगाने चालत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. ओठ निळे पडले, तर लगेच रुग्णालय गाठावे.