पुण्यतर ते फेरीबोट

जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं तो पाहिला असेल, त्यांना त्याची ओळख 'जकातीचा रांजण' अशीच करून दिली गेली असेल. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांचें नाणें त्यांत पडत असे, अशी परंपरागत समजूत आहे. वाट वापरणाऱ्यानें वाटेचें मोल द्यावें, हा न्याय त्या रांजणानें लोकांच्या मनांत पक्का बसविला आहे. परंतु ज्या राजवटीचा अंमल एके काळीं याच जुन्नरावर होता, तिनें याच्या उलट न्यायही दगडावर कोरून ठेवला आहे. तो मात्र फारसा कोणाच्या ध्यानांत नाहीं.

ही राजवट क्षहरात क्षत्रप नहपान याची. जुन्नरच्या मानमोडी डोंगरांतील लेण्यांत नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याचा लेख आहे. वर्ष ४६ मध्यें त्यानें पाण्याची पोढी व मंडप दान दिल्याची नोंद त्यांत आहे. याच नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावा ठेवून त्यानें 'पुण्यतर' चालविले, असें हा लेख सांगतो. पुण्यतर म्हणजे उतारूकडून मोल न घेतां त्याला पैलतीरीं नेण्याची सोय. पारदा म्हणजे पारडीजवळची पार नदी, दमण म्हणजे दमणगंगा, आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असें संशोधक मानतात.

लेखांतील पुढचा तपशील अधिक बोलका आहे. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर उषवदातानें सभा व प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया, उभारल्या. नाव पलीकडे गेली कीं अलीकडच्या माणसाला खोळंबावें लागतें. उन्हापावसांत त्यानें थांबावें कोठें, आणि तहान लागल्यास प्यावें काय, याचा विचारही तरीच्या कारभारांतच मोडतो, हें त्या काळच्या माणसांनीं ओळखलें होतें.

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतून वाहणाऱ्या कुकडी, मीना, घोड या नद्या सह्याद्रींत उगम पावतात. उन्हाळ्यांत पायउतार आणि पावसाळ्यांत दुथडी, असा त्यांचा मूळचा स्वभाव. आतां ठिकठिकाणीं पूल झाले, आणि तरीची आठवण बुजत चालली. रोजच्या व्यवहारांतली जिवंत तर पाहावयाची, तर गोमंतकांत जावें लागतें.

मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांनीं वेढलेला तिसवाडी तालुका हेंच मुळीं एक बेट. पोर्तुगीज त्याला 'इल्हास', म्हणजे 'बेटें', म्हणत. त्याच्या उत्तरेस मांडवीच्या पात्रांत चोडण व दिवाड हीं बेटें आहेत. रायबंदरहून चोडणला आणि जुन्या गोव्याहून दिवाडला जाणारी फेरीबोट अशा रीतीनें एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाते. कोंकणींत तिला 'तार' म्हणतात, आणि ती चालविणारा तो 'तारी'. दोन सहस्र वर्षांपूर्वींचा लेखांतला शब्द तेथें अजून तोंडांत आहे.

या बोटीचें रूप साधें आहे. सपाट तळाचें लोखंडी जहाज, मधें मोटारी व दुचाकी उभ्या करण्याची मोकळी जागा, आणि धक्क्यावर टेकविण्यासाठीं खालीं सोडावयाची लोखंडी फळी. मांडवींत भरती-ओहोटीचें पाणी चढतें-उतरतें, म्हणून धक्का उतरता बांधलेला असतो. पाणी चढेल तशी बोट वर टेकते, ओसरेल तशी खालीं. पावसाळ्यांत वरून लोंढा येतो. खाणी भरांत होत्या तेव्हां लोहखनिजानें भरलेले बार्ज याच पात्रांतून मुरगांवाकडे जात. त्यांची वाट आडवी छेदून तारी दिवसभर येरझारा घालीत असे. विद्यार्थी, शेतकरी, कोळीण, नोकरदार आणि क्वचित् रुग्ण, असा त्याचा उतारू.

पूल झाला म्हणजे तर संपली, असें सामान्यतः समजतात. मांडवीवर पणजीजवळ १९७० सालीं पूल झाला, तेव्हां तसेंच वाटलें असेल. परंतु ५ जुलै १९८६ रोजीं तो पूल कोसळला, आणि पणजी व बारदेश यांमधील माणसांचा भार पुन्हा फेरीबोटींवर आला. नवा पूल होईपर्यंत कित्येक वर्षें त्यांनीं तो वाहिला. मोडीत काढण्याजोग्या मानलेल्या बोटीच त्या वेळीं कामास आल्या.

ही सेवा सरकारचें नदी परिवहन खातें चालवितें. मोटारीला भाडें, पण पायीं येणाऱ्या उतारूला तें नाहीं, अशी तेथील रीत. २०२३ च्या अखेरीस दुचाकींवरही भाडें बसविण्याचें सरकारनें ठरविलें. चोडण-दिवाडच्या रहिवाशांनीं त्यास जोराचा विरोध केला, आणि तो निर्णय स्थगित ठेवावा लागला. रहिवाशांचें म्हणणें सरळ होतें: इतरांना घरापर्यंत रस्ता आहे, आम्हांला नदी आहे, रस्त्यावर पाऊल ठेवण्याचे पैसे कोणी देत नाहीं, तर आम्हीं नदी ओलांडण्याचे कां द्यावे? जुलै २०२५ मध्यें रायबंदर-चोडण मार्गावर 'गंगोत्री' व 'द्वारका' या मोठ्या बोटी सुरू झाल्या. त्यांत अधिक मोटारी मावतात. बोटीला खर्च आहे, इंधन आहे, तारीला वेतन आहे. हा पैसा कोठून तरी यावयास हवाच. जितकी बोट मोठी, तितका हा प्रश्नही मोठा होत जाणार.

उषवदाताच्या नावांनाही खर्च होताच. तो उतारूच्या कनवटीऐवजीं दात्याच्या कोशांतून गेला, एवढेंच तो लेख सांगतो. नाणेघाटाचा रांजण आणि पांडवलेण्यांतील ओळी यांपैकीं कोणता न्याय पाळावा, याचा निकाल आज मांडवीच्या धक्क्यावर, शाळेची वेळ गांठण्यासाठीं उभ्या असलेल्या मुलांच्या रांगेकडे पाहून करावयाचा आहे.