घर, दलाल आणि दप्तर

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपली म्हण सांगते. ती 'बांधून' म्हणते, 'विकत घेऊन' म्हणत नाही, हे लक्षात घ्या. खेड्यात घर बांधायचे असते. ते विकत घ्यायची वेळ येते ती शहरात, आणि तीही अशा जागी की जिथे एका खोलीमागे दहा गिऱ्हाइके उभी असतात. मग दलाल येतो. हा शब्द मूळचा अरबी. वाट दाखवणारा, असा त्याचा अर्थ. वाट ठाऊक नसलेल्या माणसाने वाटाड्याला पैसे द्यावेत यात गैर काही नाही. पण ही वाट मुळात अंधारी का राहिली, आणि वाटाड्यावाचून ती चालून जाण्याचे प्रयत्न कोणी व कसे केले, हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

पेशवाईच्या काळी मिराशीची जागा किंवा जमीन विकायची झाली तर कागद गावाच्या गोतासमोर होई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्षीला बसत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी होई. कागदात जागेच्या चतुःसीमा लिहीत : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. ही जागा कोणाची, तिचे वारस किती, ती गहाण आहे की काय, हे सगळे चावडीवर बसलेल्या चारचौघांना तोंडपाठ असे. घेणाऱ्याला फसवायचे तर अख्ख्या गावाला खोटे बोलायला लावावे लागले असते.

शहरात गोत नाही. शेजारी कोण, याचाच पत्ता नसतो. गोताचे ते काम इंग्रजी अमलात दप्तराकडे आले. दस्तनोंदणीचा कायदा आधी 1864 साली झाला, आणि पुढे दुरुस्त होत होत 1908 साली आजचा कायदा आला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने ठरवून दिले की, शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचे घर विकायचे तर नोंदलेलाच दस्त हवा. नुसते साठेखत झाले, विसाराची रक्कम दिली, म्हणून घर आपले होत नाही. घाईच्या बाजारात नेमके हेच विसरले जाते. "आज विसार द्या, उद्या दुसरा घेईल," असे कोणी म्हणाले की माणूस खिशात हात घालतो, आणि कागद मागून पाहू म्हणतो.

या नोंदणीच्या कायद्यातली एक सोय फार मोलाची आहे. स्थावराच्या दस्तांचे पुस्तक आणि त्याची सूची ठरावीक फी भरून कोणालाही पाहता येते. दलाल नको, वशिला नको. मिळकतीवार लावलेली सूची क्रमांक दोन उघडावी आणि मागची तीस वर्षे चाळावी, अशी वकिलांची जुनी रीत आहे. तरी दप्तरालाही मर्यादा आहे. दस्त नोंदला म्हणजे विकणारा खरा मालक ठरला, असे नाही. दप्तर फक्त सांगते की असा कागद झाला. शिवाय मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत मूळ दस्त सावकाराच्या हवाली करून घर गहाण टाकण्याची मुभा फार पूर्वीपासून होती, आणि असे गहाण नोंदवावे लागत नसे. म्हणून नकलेवर भागवू नये, मूळ कागद डोळ्यांनी पाहावा, हा आग्रह जाणते लोक धरीत आले.

आता मुंबईकडे वळू. 1896 साली मांडवीच्या दाट वस्तीत प्लेग आला. तो ओळखला गोव्याकडच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. त्या हाहाकारानंतर 1898 साली शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याकडे नवे भाग आखले. पण पाडणे भराभर झाले आणि बांधणे सावकाश. जागेची टंचाई तशीच राहिली.

याच टंचाईत श्रीपाद सुब्राव तालमकी या गृहस्थांनी एक वेगळी वाट काढली. 1906 साली शामराव विठ्ठल सहकारी बँक काढणारे तेच हे तालमकी. 1904 च्या सहकारी कायद्याने फक्त पतपेढ्या काढता येत. 1912 च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची मोकळीक दिली. तिचा लाभ घेऊन 1915 साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या देशातली ही पहिली गृहनिर्माण संस्था मानतात. योजना साधी होती. सभासदांनी भाग घ्यायचे, संस्थेने इमारत बांधायची, आणि सभासदाने आपल्या बिऱ्हाडाचे भाडे आपल्याच संस्थेला भरायचे. घरमालक नाही आणि दलालही नाही. हिशेबाची वही सभासदासमोर उघडी.

माझ्या मते या प्रयोगाचे मोठेपण इमारतीत नाही, त्या उघड्या वहीत आहे. पण एक गोष्ट झाकून ठेवू नये. ती संस्था एका ज्ञातीची होती, आणि तीही नोकरदार पांढरपेशांची. रत्नागिरी-साताऱ्याहून गिरणीत आलेल्या कामगाराला भाग घ्यायला पैसा कुठला? तो चाळीतल्या खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहिला. गोव्याच्या गावांनी मात्र मुंबईत आपापले कूड चालवले, आणि बोटीवर जाणारा गावचा माणूस तिथे पेटी ठेवून राही. तीही एक प्रकारची सहकारीच म्हणायची.

पुढे महायुद्ध आले. लोंढे वाढले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 सालच्या पातळीला बांधून ठेवली. हेतू चांगला होता, आणि त्यामुळे लाखो कुटुंबे रस्त्यावर आली नाहीत हेही खरे. परंतु खोलीचे भाडे दहा रुपये आणि तिची खरी किंमत हजारोंनी, अशी तफावत पडली. या तफावतीतून पगडी फोफावली. पगडी घेणे कायद्याने गुन्हा, म्हणून पावती नाही. पावती नाही म्हणून साक्ष नाही. अशा व्यवहारात दोन अनोळखी माणसांच्या मध्ये उभे राहून "मी आहे ना" म्हणणारा कोणीतरी लागतोच. दलालाचा खरा सुवर्णकाळ हा. जिथे व्यवहार लिहिता येत नाही तिथे मध्यस्थाचा शब्द हाच दस्त होतो. पुढे 1999 च्या कायद्याने पगडीला मान्यता दिली. त्याआधी पन्नास वर्षे गावाकडचे शेत विकून दिलेला पैसा असा बिनपावतीचा गेला. कोणाचा टिकला, कोणाचा बुडाला, त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

भाड्याने देण्यात नफा उरला नाही, तेव्हा बांधणारे मालकी हक्काचे फ्लॅट विकू लागले. त्यात इतकी फसवणूक झाली की 1963 साली महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. किमतीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त रक्कम घेण्यापूर्वी करारनामा लिहून नोंदवावा, आणि इमारत झाली की जमिनीसह ती रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून द्यावी, असे त्यात सांगितले. पहिली गोष्ट बरीचशी रुळली. दुसरी मात्र कित्येक बांधकाम करणाऱ्यांनी टाळली. घरे विकली आणि जमीन स्वतःच्या नावावर ठेवली. म्हणून 2008 साली कायदा दुरुस्त करून संस्थांना मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग दिला. विकणारा सही करीत नसेल तर सरकारी अधिकारी ते काम पुरे करतो.

2016 च्या स्थावर संपदा कायद्याने आगाऊ रकमेची मर्यादा दहाव्या हिश्शावर आणली, आणि अशा नव्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या दलालालाही नोंदणी सक्तीची केली. दोनशे वर्षांपूर्वी गोतासमोर बसणारी साक्ष आता प्राधिकरणाच्या नोंदीत, संगणकावर आली. तरी हा कायदा मुख्यतः नव्या बांधकामांचा. जुने घर घेताना काम पडते ते सूची क्रमांक दोनचे, संस्थेच्या भागपत्राचे आणि विकणाऱ्याकडच्या मूळ करारनाम्याचे. आपल्या गावचा कोणी मुलगा ठाण्याला किंवा पुण्याला असे घर पाहत असेल, तर त्याला आणखी एक कागद पाहायला सांगा : इमारतीखालच्या जमिनीची मिळकत पत्रिका किंवा सात-बारा. त्यावर संस्थेचे नाव लागले आहे, की अजून जुन्या मालकाचेच आहे, हे विसार देण्याआधी वाचून घ्यावे.