गच्चीवरचे सोलर पॅनेल उतरवून पुन्हा बसवताना: जुनेच लावायचे की क्षमता वाढवायची?

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातला वारंगा फाटा म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांचा चौक. अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि तुळजापूर-नांदेड-यवतमाळ-बुटीबोरी असा जाणारा ३६१ इथे एकमेकांना भेटतात. अशा फाट्यावरचं घर फार काळ एकाच आकारात राहत नाही. खाली दुकान निघतं, वर मजला चढतो, कधी स्लॅब गळायला लागतो. आणि गच्चीवर सोलर असेल तर प्रत्येक वेळी पहिला प्रश्न येतो, की पॅनेल उतरवायचे कसे आणि परत चढवताना तेच चढवायचे का?

प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पॅनेल २५ वर्षं चालतं, पण इन्व्हर्टर साधारण ८ ते १२ वर्षांत बदलावा लागतो. उतरवण्या-चढवण्याची मजुरी, क्रेन किंवा दोरखंड, वायरिंग, सांगाडा हा सगळा खर्च एकदा होणारच असतो. त्यामुळे क्षमता वाढवायची असेल तर याहून स्वस्त वेळ पुन्हा येत नाही. मात्र चुकीची जोडणी केली, तर नवे पॅनेल आणूनही वीज जुन्याइतकीच मिळते.

जुनं-नवं एका माळेत का चालत नाही

समजा, एका घरावर ३३० वॉटचे ६ पॅनेल आहेत, म्हणजे सुमारे २ किलोवॉट. मालकाला आणखी २ पॅनेल वाढवायचे आहेत. बाजारात आता ३३० वॉटचं पॅनेल सहसा मिळत नाही, ५४० किंवा त्याहून जास्त वॉटचं मिळतं. दुकानदार म्हणतो, ‘घ्या, जोडून देतो.’

अडचण अशी की पॅनेल एकामागे एक जोडले, की सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो, आणि तो सर्वांत कमकुवत पॅनेल ठरवतं. ३३० वॉटचं जुनं पॅनेल साधारण ९ अँपिअर देतं, ५४० वॉटचं १३ अँपिअर. दोन्ही एका माळेत ओवले तर नवं पॅनेलही ९ अँपिअरवरच अडतं आणि ५४० ऐवजी ४०० वॉटच्या आसपास वीज देतं. पैसे पूर्ण, काम तीन चतुर्थांश.

यावर उपाय म्हणजे दोन स्वतंत्र एमपीपीटी असलेला इन्व्हर्टर. जुन्यांची एक माळ, नव्यांची दुसरी. पण इथेही एक मेख आहे. दोनच पॅनेलांची माळ जेमतेम ८० व्होल्टच्या आसपास जाते, आणि अनेक इन्व्हर्टर तेवढ्यावर नीट सुरूच होत नाहीत. शिवाय जुन्या इन्व्हर्टरची प्रवाह घेण्याची मर्यादा बऱ्याचदा १० ते १२ अँपिअर असते. म्हणून नवे पॅनेल घेण्याआधी इन्व्हर्टरच्या बाजूला चिकटवलेली पट्टी वाचावी. तिच्यावर व्होल्टेजचा पल्ला आणि कमाल प्रवाह दोन्ही छापलेले असतात. गणित पाच मिनिटांचं आहे, पण ते फार थोडे लोक करतात.

सगळे पॅनेल बदलायचे ठरले तर जागेचा हिशेब येतो. जुनं ७२ सेलचं पॅनेल साधारण २ मीटर बाय १ मीटर, ५४० वॉटचं २.२८ बाय १.१३ मीटर. म्हणजे जुन्या ६ पॅनेलांच्या ओळीत नवे ६ मावत नाहीत, रुंदीच्या हिशेबाने ५ मावतात. तरीही क्षमता २ वरून २.७ किलोवॉट होते. वजन मात्र एकेकाचं २८ किलोच्या घरात जातं आणि लांबी-रुंदी वेगळी असल्याने जुन्या सांगाड्याची भोकं जुळत नाहीत. ‘सांगाडा तोच वापरू’ असं कोणी सहज म्हणालं, तर आधी फीत लावून दाखवायला सांगावं.

मराठवाड्याच्या उन्हाचाही एक मुद्दा आहे. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. उन्हाळी दुपारी पॅनेलचं अंग ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला जुनं पॉलीक्रिस्टलाइन पॅनेल सुमारे ०.४ टक्के वीज गमावतं. म्हणजे ऐन दुपारी १६ टक्क्यांची घट. टॉपकॉन प्रकारात हीच घट १२ टक्क्यांच्या आसपास राहते. पॅनेल स्लॅबपासून उंच ठेवले तर खालून वारा खेळतो आणि तापमान थोडं उतरतं. उंच सांगाड्याखाली वाळवणही घालता येतं. पण जितकी उंची, तितका वाऱ्याचा झोत. त्यामुळे पाय स्लॅबमध्ये नीट रोवलेले हवेत.

उतरवताना

ढगाळ हवा असली तरी पॅनेल बंद होत नाही. सहा पॅनेलांच्या माळेत अडीचशे व्होल्टहून अधिक डीसी दाब असतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. चालू प्रवाहात जोडणी ओढली तर हात भाजतो, आगही लागू शकते. क्रम असा: आधी एसी बाजूचा स्विच, मग डीसी आयसोलेटर, आणि त्यानंतरच एमसी४ जोडण्या. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं आहे, गवंड्याच्या मदतनिसाचं नाही.

काचेवर पाय ठेवू नये. वरून काही दिसत नाही, पण आतल्या सेलला केसासारखे तडे जातात आणि उत्पादन पुढे वर्षभरात घसरत जातं. उतरवलेले पॅनेल उभे, कडेवर ठेवावेत. प्रत्येकाचा अनुक्रमांक आणि फोटो त्याच दिवशी नोंदवून घ्यावा. हमी मागताना आणि अनुदानाच्या कागदपत्रांत तोच लागतो.

स्लॅब मोकळा झाल्यावर वॉटरप्रूफिंग आधी, सांगाडा नंतर. उलट केलं तर नव्या थरातच भोकं पडतात.

महावितरण आणि अनुदान

नेट मीटर ग्राहक क्रमांकाला बांधलेला असतो. त्याच गच्चीवर तेच पॅनेल परत लावले तर फारसं काही बदलत नाही. क्षमता वाढवायची असेल तर महावितरणकडे अर्ज करावा लागतो, आणि सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असता कामा नये. भार कमी असेल तर तो वाढवून घ्यावा लागतो. न कळवता वाढवलेली क्षमता पुढे तपासणीत अडचणीची ठरते.

२०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असं कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी पॅनेल देशात बनवलेल्या सेलचे लागतात आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करावं लागतं. पण हे अनुदान घराला एकूण ३ किलोवॉटपर्यंतच मोजलं जातं. आधी २ किलोवॉटवर अनुदान घेतलेलं असेल तर उरतो तो तिसरा किलोवॉट. जुने पॅनेल काढून तेवढ्याच क्षमतेचे नवे लावले, तर त्यावर पुन्हा अनुदान मिळेल असं गृहीत धरू नये. ‘सगळ्यावर सबसिडी काढून देतो’ असं सांगणाऱ्याकडून ते लेखी घ्यावं.

वाढवावं की नाही, याचं उत्तर बिलातच असतं. १ किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट, महिन्याला १२० युनिट देतो. महिन्याचा वापर १५० युनिट असलेल्या घराला २ किलोवॉट पुरून उरतो; तिथे क्षमता वाढवण्यात अर्थ नाही, कारण वर्षअखेरीस उरलेल्या युनिटना मिळणारा दर किरकोळ असतो. एसी किंवा विजेवरची स्कूटर येणार असेल तर गोष्ट वेगळी. आणि वीज गेल्यावर घर चालू राहावं अशी अपेक्षा असेल, तर नुसत्या जादा पॅनेलने ती पूर्ण होत नाही. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद पडतो. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

कधी करावं

शिल्लक युनिटचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पाऊस नसतो, स्लॅबचं काम होतं, पॅनेल खाली असतानाच्या दिवसांत साठलेली युनिट वापरली जातात आणि मार्च ते मे या सर्वाधिक उत्पादनाच्या महिन्यांना नवी जोडणी तयार मिळते.

काढलेले पण चांगले जुने पॅनेल शेतातल्या आखाड्यावर, बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर लावून दिवे-पंख्यासाठी चालतात. फुटलेले मात्र भंगारवाल्याला देऊ नयेत. ई-कचरा नियम २०२२ मध्ये सोलर पॅनेलचा समावेश आहे. नवे पॅनेल घेताना विक्रेत्यालाच फुटलेले परत घेण्याची अट घालता येते.