ऑफर लेटर हाती, नोकरी मात्र दूर

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरीचा शोध ऑफर लेटर हाती पडले की संपतो, असा सर्वसाधारण समज आहे. पेढे वाटले जातात, नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन येतात. रुजू होण्याची तारीख मागाहून कळविली जाईल, अशा आशयाची ओळ त्याच पत्रात असते. तिच्याकडे त्या दिवशी कोणाचे लक्ष जात नाही.

या ओळीमागे या उद्योगाची रीत आहे. मोठ्या सेवा कंपन्या विद्यार्थी पदवीधर होण्याच्या कित्येक महिने आधीच कॅम्पस इंटरव्ह्यू घेतात. पुढील वर्षी अमेरिका-युरोपातील ग्राहकांकडून किती काम येईल, या अंदाजावर ही भरती बेतलेली असते. अंदाज चुकला तर ‘बेंच’वर बसलेल्या, म्हणजे प्रकल्प नसलेल्या कर्मचाऱ्यालाही पगार द्यावाच लागतो, निवड होऊनही रुजू न झालेल्या उमेदवाराला मात्र काहीच द्यावे लागत नाही. साहजिकच पहिली कात्री त्याच्या तारखेला लागते. २००८-०९ च्या मंदीत हेच घडले होते.

करोनाकाळानंतर त्याची पुनरावृत्ती अधिक मोठ्या प्रमाणावर झाली. २०२१-२२ या वर्षात टीसीएसने सुमारे एक लाख, तर इन्फोसिसने ८५ हजार नवपदवीधरांना सामावून घेतले. पुढे मागणी ओसरली आणि २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस व विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, विप्रोने साडेसहा लाखांचे वार्षिक वेतन देऊ केलेल्या काही उमेदवारांपुढे साडेतीन लाखांचा पर्याय ठेवला. इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेल्या सुमारे दोन हजार अभियंत्यांना दोन वर्षे ताटकळावे लागले. ‘नाइट्स’ या पुण्यातील संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केल्यानंतर त्या वर्षाच्या उत्तरार्धात त्यांना म्हैसूरला बोलावले गेले. त्यांच्यापैकी तीनशेहून अधिक जणांना फेब्रुवारी २०२५ मध्ये घरी पाठविण्यात आले. अंतर्गत परीक्षेच्या तीनही संधींत ते अनुत्तीर्ण झाले, असे कंपनीचे म्हणणे होते.

या प्रतीक्षेची किंमत केवळ बुडालेल्या पगारात मोजता येत नाही. कॅम्पसबाहेरील भरतीच्या जाहिराती बहुधा ठरावीक वर्षी उत्तीर्ण झालेल्यांपुरत्या असतात. दहावी, बारावी व पदवीला सलग साठ टक्के ही अट तर परिचयाचीच. शिवाय मधल्या ‘गॅप’चे स्पष्टीकरण मागितले जाते. दोन वर्षे वाट पाहिलेला तरुण त्यामुळे ना ‘फ्रेशर’ राहतो, ना अनुभवी ठरतो. त्याने काय चूक केली? दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढीच. शैक्षणिक कर्जाचे हप्ते मात्र, सवलतीचा काळ संपला की, थांबत नाहीत. हा काळ साधारणतः अभ्यासक्रम पूर्ण झाल्यानंतर एक वर्षाचा असतो.

अनुभवी अभियंत्याची कोंडी निराळी. जुनी कंपनी अनेकदा ९० दिवसांचा नोटीस पीरियड पूर्ण करावयास लावते, तर नव्या कंपनीला उमेदवार तातडीने हवा असतो. राजीनामा देऊन बसल्यावर ऑफर मागे घेतली गेली, तर तो दोन्हीकडून जातो.

कायद्याचा आधार तोकडा आहे. ऑफर स्वीकारल्यावर १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार होऊ शकतो आणि तो मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते. परंतु ‘मला कामावर घ्याच’ असा आदेश खासगी कंपनीविरुद्ध मिळविणे जवळपास अशक्यच, कारण व्यक्तिगत सेवेचे करार न्यायालये सहसा सक्तीने अमलात आणत नाहीत. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे, पण ते नेमणूक झालेल्यांना. अद्याप रुजू न झालेल्याची नेमणूक झाली की नाही, हाच तर वाद असतो.

म्हणून पत्र हाती आल्यावर प्रथम तारीख पाहावी. ती नसेल तर ईमेलने विचारावी आणि उत्तर येईपर्यंत अन्य मुलाखती चालू ठेवाव्यात. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. दरम्यान ‘लवकर रुजू करून देतो’ म्हणून अनामत मागणारा मध्यस्थ भेटला, तर त्याला पैसे देऊ नयेत. कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार, विशेषतः तारीख पुढे ढकलल्याचे ईमेल, जपून ठेवावा. पुढच्या मुलाखतीत गॅपचा प्रश्न निघाला की तोच दाखविता येतो.